प्रार्थनेची साखळी

२ जून, बुधवार

आज प्रार्थनासभेत हार्लनने जाहीर केलं. यंदा चार जुलै, देशाचा स्वातंत्र्यदिन, रविवारीच येतोय, आणि त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये 'करार रविवार' होणार. ज्यांची लग्नं साध्या परवान्यावर झाली आहेत त्यांनी झेंडा आणि क्रूस यांच्यामध्ये उभं राहून आपलं लग्न कराराचं करून घ्यायचं. लुइझियानाच्या कायद्यात ती सोय आहे. कराराचं लग्न सहजासहजी मोडता येत नाही. महिनाभर हार्लन जोडप्यांची शिकवणी घेणार, आणि त्या दिवशी सह्यांसाठी नोटरी येऊन बसणार.

घर टिकलं तर देश टिकेल, आणि घर टिकतं ते दिलेल्या शब्दावर, असं हार्लन म्हणाला. माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, पण हा माणूस बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा च्युइंगगम चघळायची थांबतात. पहिली सही आम्हा दोघांची. पास्टरची बायको मागे राहिली तर लोक काय म्हणतील.

साक्ष द्यायला आमची टॅबिथा आणि जावई ग्रेडी. कराराचं लग्न केलेली या चर्चमधली पहिली मुलगी आमची. ग्रेडी शाळेत फुटबॉलचा कोच आहे. चार जुलैला चर्चमध्ये झेंडा नेहमी तोच घेऊन येतो. टॅबीला सांगायला फोन केला तर त्यानेच उचलला. ती अंघोळीला गेलीय, मिस ट्वायला, तिच्या वतीने मीच हो म्हणतो, म्हणाला. सासूला अजून अदबीने 'मिस' म्हणतो. गुणी पोरगा आहे.

तरी एक गोष्ट खटकते. हल्ली टॅबीच्या घरी फोन केला आणि टॅबीने उचलला, असं होतच नाही.

६ जून, रविवार

टॅबी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती. बाहेर डांबर वितळतंय आणि ही मनगटापर्यंत बंद. म्हणाली, उन्हाने कातडी भाजलीय. प्रवचनभर ग्रेडीचा हात तिच्या मानेवर होता. हार्लनने इतक्या वर्षांत माझ्या मानेवर असा हात कधी ठेवला नाही.

ती गायली नाही. पुस्तक उघडून नुसती उभी राहिली. लहानपणी माझ्याच कुशीत बसून जी गाणी शिकली त्यांतलं एकही नाही. माझी पोर देवापासून लांब चाललीय की काय, ही भीती आज दिवसभर जात नाहीये. करार रविवारी तिने सगळ्यांपुढे उभं राहायचं आहे.

१५ जून, मंगळवार

न सांगता टॅबीकडे गेले. तिने जाळीचं दार उघडलंच नाही, आतूनच बोलली. घर आवरलेलं नाही म्हणाली. माझ्या पोरीचं घर आणि आवरलेलं नाही? ती तर मसाल्याच्या बाटल्यासुद्धा नावाप्रमाणे लावते. माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, गाडी किती मैल चालली ते ग्रेडी रोज संध्याकाळी बघतो.

मी म्हटलं, बरंय की, काटकसरी नवरा मिळाला.  परत येताना वाटलं, कशी ही आजकालची मुलगी, इतकं लक्ष देणारा नवरा मिळाला तरी तोंड आंबट. आणि मग गाडी चालवताना उगाचच रडू आलं. का ते मला सांगता येत नाही.

१८ जून, शुक्रवार



दुपारी टॅबी चालत आली. त्या उन्हात, टेनिसच्या बुटांत, सगळा रस्ता. ओठ फाटलेला. डाव्या हाताची बोटं सुजून लाकडासारखी झालेली. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ममा, तो मला मारतो."

 मी तिला बसवलं, बर्फ दिला, आणि पहिली गोष्ट काय केली तर हार्लनला हाक मारली. हार्लनने ग्रेडीला बोलावलं. ग्रेडी आला तो दिवाणखान्यात गुडघ्यावरच बसला. एवढा आडदांड माणूस ढसाढसा रडला. हार्लनने त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दर सोमवारी हार्लनला भेटायचं, रागावर काम करायचं, असं त्याने कबूल केलं. मी पण रडले. एक टॅबीच तेवढी रडली नाही.

मग मी चिकन-भाताचं कॅसरोल फॉइलमध्ये बांधून दिलं आणि दोघांना घरी पाठवलं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

मी बरोबर केलं ना? देवापुढे दिलेला शब्द आहे, भांडण झालं म्हणून कुणी उठून जात नाही. हार्लन म्हणतो, तो खरोखर पस्तावलाय. हार्लनने आयुष्यात किती पस्तावलेले बघितलेत, त्याला कळत असणार. मला काही कळत नाही. मला फक्त तिची बोटं दिसतात.

२० जून, रविवार

दोघं आले. टॅबी हसली. ग्रेडीने हार्लनला वडिलांच्या दिवसाचं म्हणून टाय दिला. देवाची कृपा.

२६ जून, शनिवार

सकाळी ग्रेडी दारात. टॅबी गेलीय. काल किराणा आणायला म्हणून गेली ती परत आलीच नाही. गाडी बसच्या थांब्यावर सापडली, किल्ल्या सीटवर. "तुम्हाला माहीत असेल, मिस ट्वायला," म्हणाला. मी शपथेवर सांगितलं, मला ठाऊक नाही. तेव्हा ठाऊक नव्हतंच.

दुपारी फोन आला, ओपलचा. ओपल म्हणजे हार्लनची मोठी बहीण, माझी नणंद. दोनदा घटस्फोट, दिवसाला सिगारेटचं पाकीट, टेक्ससमध्ये तळ्याकाठी एकटी राहते. हार्लन तिचं नाव प्रार्थनेतसुद्धा घेत नाही.

"पोरगी माझ्याकडे आहे," म्हणाली. "बरगडी मोडलीय, डॉक्टरला दाखवलंय. तुला सांगू नये असं माझं मत होतं. पण ती ऐकेना. म्हणाली, ममा काळजीने मरेल."

मग टॅबी बोलली. "ममा, फक्त तुला सांगतेय. डॅडीला नको. चर्चमध्ये कुणालाच नको."

मी वचन दिलं. ओपलने परत फोन घेतला आणि मला टोमणा मारलाच. म्हणाली, "हार्लनने त्या कायद्यावर प्रवचन दिलं तेव्हा मारहाणीचं कलम गाळलं होतं का गं? बायकोला मारलं तर वेगळं होता येतं, तुमच्या त्या करारातसुद्धा." मी म्हटलं, देवाचा शब्द काही कलमांत मावत नाही. ती म्हणाली, बरगडी मावते.

फोन ठेवला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसले. बरगडी. कॅसरोल बांधून मी तिला घरी पाठवली होती.

२८ जून, सोमवार

ग्रेडी रोज येतो. कधी रडतो. कधी अंगणात नुसता उभा राहून खिडक्यांकडे बघतो. तो गेला तरी त्याचा ट्रक घरावरून पुन्हा पुन्हा जातो, इतका हळू की चाकाखालचे खडे वाजलेले ऐकू येतात. आज म्हणाला, "आई आहात तुम्ही. आईला ठाऊक असतंच." मी म्हटलं, आपण प्रभूवर सोपवू या. मी खोटं बोलले नाही. खोटं मला येतच नाही, तोंड लाल होतं आणि कान गरम होतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी फक्त सगळं सांगितलं नाही.

हार्लनशीही तसंच वागतेय. तो विचारतो, तुला काही कळलं का, आणि मी भांडी घासायला लागते. घास गिळवत नाही. हे एवढं मोठं गुपित मी एकटीने पोटात ठेवलंय आणि ते आतून फाडतंय. ज्या ज्या वेळी भ्याले त्या त्या वेळी मी बायकांना फोन केलाय. हार्लनचं ऑपरेशन, टॅबीचा जन्म, युद्धावर गेलेली चर्चमधली मुलं. आता सगळ्यात मोठं संकट आलंय आणि माझ्यासाठी प्रार्थना करणारं कुणीच नाही.

३० जून, बुधवार

आज मन हलकं आहे. सकाळी प्रार्थनेची साखळी सुरू केली.

साखळीत पहिली मी. मी मॉडीला फोन करते, मॉडी जो एलनला, ती पुढच्या बाईला, अशी सगळ्या बायकांपर्यंत विनंती पोचते आणि अर्ध्या तासात सगळं चर्च गुडघ्यावर येतं. मी खूप विचार करून शब्द निवडले. नाव घेतलं नाही. म्हटलं, एक तरुण बायको आहे, संसारात वादळ आलंय, सध्या तळ्याकाठी नात्यातल्या माणसाकडे विश्रांतीला गेलीय. तिच्या जिवाला जपावं, आणि तिच्या नवऱ्याचं मन प्रभूने वळवावं. बस. वचन मोडलं नाही. टॅबी म्हणाली होती कुणाला सांगू नकोस, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही, फक्त देवापुढे मांडलंय.

साखळीत सगळ्यात शेवटी आर्डिस, ग्रेडीची आई. इतकी कळवळून प्रार्थना करणारी बाई गावात दुसरी नाही. बिचारीला कळणारही नाही की ती आपल्याच सुनेसाठी गुडघे टेकतेय. आज मी पोटभर जेवले.

१ जुलै, गुरुवार

साखळीला यश आलं.

ग्रेडी आज टोपलीभर पीच घेऊन आला, आणि टॅबी कुठे आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. डोळे शांत. हार्लनला रविवारच्या खुर्च्या मांडायला मदत केली, मंचावरचा झेंड्याचा स्टँड घट्ट करून दिला. माझ्या हातचा थंड चहा मागून प्यायला. म्हणाला, उद्या मासे धरायला जातोय, मनाला जरा विसावा मिळेल, रविवारी झेंडा घेऊन हजर असेन. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

जीव भांड्यात पडला. उद्या ओपलला सांगते. तिला वाटतं देव म्हणजे आम्ही भोळ्या लोकांनी काढलेलं खूळ. ऐकू दे तिला.

२ जुलै, शुक्रवार

सकाळी हार्लन कामाला बाहेर पडल्यावर ओपलला फोन केला. सांगितलं, ग्रेडी निवळलाय, शोधायचाही थांबलाय, सगळं चर्च प्रार्थना करतंय.

 ओपल म्हणाली, "सगळं चर्च कशासाठी प्रार्थना करतंय?"

मी सांगितलं. नाव घेतलं नाही हे दोनदा सांगितलं.

"तळं म्हणालीस?"

"नुसतं तळं म्हटलं. टेक्ससमध्ये काय एकच तळं आहे?"

"आणि नात्यातलं माणूस. तळ्याकाठी राहणारे नातेवाईक तुम्हाला किती आहेत, ट्वायला?" आणि मग, अगदी हळू, "त्या साखळीत शेवटी कोण असतं?"

मी म्हटलं, आर्डिस. तिने फोन ठेवून दिला. निरोप नाही, काही नाही. इतका राग आला. मनात म्हटलं, हिच्यासाठी चांगली बातमी म्हणजे दुसऱ्याचा घटस्फोटच. तोच राग इथे उतरवायला वही घेऊन बसले.

लिहिता लिहिता आठवलं. ग्रेडी मासे धरायला कुठे गेलाय ते मी विचारलंच नाही.

परत फोन लावला. वाजतोय. कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. वाजतोच आहे.

३ जुलै, शनिवार

काल दुपारी हार्लन घरी आला तसं त्याला सगळं सांगितलं. टॅबी कुठे आहे, मला कधीपासून ठाऊक आहे, मी साखळीत काय बोलले. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो खुर्चीत बसला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. मग त्याने आर्डिसला फोन लावला, मी दुसऱ्या फोनवर ऐकत होते. आर्डिसच्या आवाजात नुसता आनंद. म्हणाली, "हो ब्रदर हार्लन, मीच सांगितलं त्याला. तळं ऐकलं आणि मला ओपल आठवली. म्हटलं, जा बाबा, बायकोला घेऊन ये, रविवारी साक्ष आहे तुमची. प्रभूनेच वाट दाखवली बघा."

तिला कसं सांगायचं. ज्याला ती वाट म्हणते ती मी दाखवली.

हार्लनने ओपलच्या गावच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला. तासाभराने तिकडून उलटा फोन आला. ओपलचं मागचं दार चौकटीसकट आत पडलंय. बशा फुटल्यात, गादी फाडलीय. घरात कोणी नाही. ओपलची गाडी नाही. रक्त नाही, असं म्हणाले. मी हार्लनच्या हातातून फोन घेऊन पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. कुणी केलं ते बघणारं कुणी नाही, सगळ्यात जवळचा शेजारी मैलभर लांब.

त्या दोघी आधी निघाल्या, की त्याच्याबरोबर गेल्या? आज दिवसभर फोनजवळ बसून आहे. ग्रेडीच्या घरी कोणी उचलत नाही. प्रार्थना करायला गुडघे टेकते आणि शब्दच फुटत नाहीत. शब्दांची आता भीती वाटते. मॉडीचा फोन आला, बटाट्याच्या सॅलडचं विचारायला. शेवटी म्हणाली, आणखी काही प्रार्थनेची विनंती? मी नाही म्हणाले आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन ओकले.

हार्लनला म्हटलं, उद्याचं रद्द कर. तो म्हणाला, पुरावा काय आहे आपल्याकडे, ट्वायला? आणि मग: तो उद्या एकटा आला तर मी काय करू? मी कधी याला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

४ जुलै, रविवार

तो एकटा आला.

चर्च गच्च भरलं होतं. पंखे चालू, लाल-निळे फुगे, पोरांच्या हातात छोटे झेंडे. वाद्य सुरू झालं आणि ग्रेडी मधल्या वाटेने झेंडा घेऊन आला. ताठ मान, पांढरा शर्ट. उजवा पाय ओढत चालत होता. दार लाथेने फोडणाऱ्या माणसाचा पाय असाच होत असणार. माझ्या बाकाजवळून जाताना त्याने माझ्याकडे बघून मान लववली. मला एकच कळत होतं, हा इथे आहे आणि माझी पोर कुठे आहे ते मला माहीत नाही. जिवंत आहे की नाही तेसुद्धा नाही. सगळे उभे राहिले म्हणून मीही उभी राहिले. देशासाठी प्रार्थना झाली, एक शब्द कानात शिरला नाही.

मग साक्षीची वेळ. हार्लनने त्याला बोलावलं नाही. त्याचा तो स्वतःच उठून माइककडे गेला. "टॅबी नात्यातल्या माणसाकडे विश्रांतीला गेलीय," तो म्हणाला. "तिच्या जिवाला जपावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा." माझेच शब्द, जसेच्या तसे. बायकांनी डोळे पुसले. आर्डिस मोठ्याने आमेन म्हणाली.

हार्लन मंचावर आला. नोटरी टेबलाशी बसलेला, कागद मांडलेले. हार्लनने पहिलं जोडपं म्हणून आमची नावं घेतली आणि माझ्याकडे हात केला. मी उठले नाही. सगळ्या माना वळल्या.  हार्लनवर माझा राग नव्हता. माझ्या लग्नाचं मला दुःख नाही. पण त्या टेबलाशी जाऊन त्या माणसादेखत मी सही करणार नव्हते. हार्लन पेन हातात घेऊन उभा होता. त्याने ग्रेडीच्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, आज आधी एक गीत म्हणू या. नंतरही त्याने सह्यांचं नाव काढलं नाही. नोटरी घड्याळ बघत बसला.

मी बाजूच्या दाराने निघाले आणि घरी आले, आमचं घर चर्चला लागूनच आहे. बाहेर झाडाखाली जेवणाची टेबलं लागत होती. फोन वाजत होता.

"ममा."

मी भिंतीला धरून खाली बसले. 

"ममा, मी बरी आहे. ओपलआत्याने तुझा फोन ठेवला आणि मला उठवून गाडीत घातलं. आम्ही अर्धी कॉफी तशीच टाकून निघालो. आता आम्ही इथे—"

"थांब," मी म्हटलं. "सांगू नकोस."

"तू काळजी करशील."

"करू दे मला काळजी. खोटं मला बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. दोन्ही तू बघितलंस. कुठल्या गावात आहेस, कुणाकडे आहेस, काही सांगू नकोस. पुन्हा फोन करशील तेव्हाही नको. मी विचारलं तरी नको."

ती रडत होती. मीही. कितीतरी दिवसांनी दोघी एकत्र रडलो. मग मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला घरी पाठवायला नको होतं. ती म्हणाली, हो ममा, नको होतं. ठीक आहे वगैरे काही म्हणाली नाही.

फोन ठेवला आणि वळले तर जाळीच्या दारात ग्रेडी उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. बाहेर लोक हसत होते, कुणीतरी पोराला हाक मारत होतं.

"कुणाचा फोन होता, मिस ट्वायला?"

"टॅबीचा."

तो दार उघडून आत आला. त्याच्यामागून हार्लन पायऱ्या चढून येत होता, धापा टाकत. हार्लनने त्याला बाजूला सारलं आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ग्रेडीने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुठे आहे ती?"

मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. पण तोंड लाल झालं नाही, कान गरम झाले नाहीत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने माझा चेहरा नीट न्याहाळला. मला खोटं बोलता येत नाही, हे गावात सगळ्यांइतकंच त्यालाही ठाऊक आहे. मग तो वळला आणि एकेका पायरीवर थांबत, पाय ओढत खाली उतरला.